यंत्रांच्या खानेसुमारीचा मागोवा

दूरसंचाराच्या जाळ्यात कुठे काय बसवले आहे, याची यादी एकेकाळी माणसेच लिहीत. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन व्यवस्थेच्या ट्रंक लाइनींच्या नोंदी 1970 च्या दशकात ‘टर्क्स’ या संगणकीय प्रणालीत येऊ लागल्या. आर्पानेट या सुरुवातीच्या संगणक-जाळ्याचा कारभारही आधी माणसांच्याच हाती होता. मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइनलर यांचे माहिती केंद्र साऱ्या संगणकांच्या नावापत्त्यांची एकच फाइल सांभाळत असे. नवा संगणक जोडला की तिथे कळवायचे, आणि सुधारलेली फाइल इतरांनी उतरवून घ्यायची. जाळे फोफावले तशी ती अपुरी पडली. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांच्या डीएनएस या नामप्रणालीने नावांचा भार वाटून दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माइक म्यूस यांनी ‘पिंग’ लिहिले आणि यंत्राला थेट हाक मारता येऊ लागली. यंत्र ओ देई, पण ते कोण आहे हे त्यातून कळत नसे.

ती ओळख पुरवणाऱ्या वळणावर आपण पोहोचतो ते ऑगस्ट 1988 मध्ये. एसएनएमपी या प्रोटोकॉलने यंत्राविषयीची प्रत्येक बाब अंकांच्या एका वृक्षात बसवली. ‘तू कोण?’ या प्रश्नाला यंत्र स्वतःच्या जातीचा क्रमांक सांगू लागले. रचनाकारांनी 1.3.6.1.4.1 ही फांदी उत्पादकांसाठी मोकळी सोडली. तिथे सिस्कोला 9 हा अंक मिळाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत दूरदर्शी निर्णय होय. पुढे कोणती यंत्रे निघतील हे ठाऊक नसताना त्यांच्यासाठी जागा राखली गेली. म्हणूनच आजही शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरला नवे उपकरण ओळखायला शिकवायचे, तर गाभ्याला हात न लावता त्या उत्पादकाच्या फांदीची व्याख्या जोडली की बरेचसे काम होते.

1996 मध्ये पेटीच्या आतल्या खाचा आणि कार्डे मोजण्याची प्रमाणित रीत आली. 2005 च्या एलएलडीपी या प्रोटोकॉलमुळे यंत्रे आपले शेजारीही सांगू लागली. नेटकॉन्फ हा प्रोटोकॉल आणि यँग ही त्याची वर्णनभाषा यांनी पुढे यंत्रांशी होणारा हा संवाद अधिक नेटका केला.

तरीही फायबरचा जमिनीखालचा सांधा, विजेविना चालणारा स्प्लिटर, एक्स्चेंजमधली वितरण चौकट यांना प्रश्न विचारता येत नाही. त्यांची नोंद सांधा जोडणाऱ्यानेच, आणि त्याच दिवशी, करायला हवी.