भौतिकीचे पदवीशिक्षण, संशोधन संस्थेतील

संशोधन हेच ज्यांचे मुख्य काम, अशा संस्थांत बारावीनंतर लगेच सुरू होणारे भौतिकीचे शिक्षण. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात संशोधन आणि पदवीचे अध्यापन यांची बव्हंशी फारकत झाली. होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी संशोधन चाले, बी.एस्सी.चे वर्ग संलग्न महाविद्यालयांत भरत. यात नुकसान दोन्हींकडे झाले. ही दरी बुजवण्यासाठी २००६ मध्ये पुणे व कोलकाता येथे 'आयसर' (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) सुरू झाल्या. आज त्या सात आहेत. पुण्याची आयसर पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी आहे. रसायनशास्त्रज्ञ के. एन. गणेश तिचे पहिले संचालक.

आयसरच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमात सुरुवातीला भौतिकीबरोबर गणित, रसायन आणि जीवशास्त्रही शिकावे लागते. मग यामिकी, विद्युत्‌चुंबकत्व, पुंजयामिकी, सांख्यिकीय भौतिकी अशी चढण लागते. या विषयांत गणित कच्चे राहिले की भौतिकी अडते.

खरा फरक प्रयोगशाळेत दिसतो. फ्रँक-हर्ट्‌झ प्रयोगात पाऱ्याच्या बाष्पातून जाणारा विद्युत्‌प्रवाह सुमारे ४.९ व्होल्टच्या अंतराने पुन्हापुन्हा घसरतो. अणूतील ऊर्जापातळ्या तुटक असतात, याचा हा १९१४ मधील पुरावा. पुस्तकातला आकडा जुळला म्हणजे काम संपले, असे येथे मानत नाहीत, मानूही नये. तापमान बदलले तर आलेख का बदलतो, मापनातील अनिश्चितता किती आणि ती कोठून आली, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. जर्नलमध्ये जसेच्या तसे उतरवलेले 'अपेक्षित' उत्तर हा या शिक्षणाचा सर्वांत मोठा शत्रू होय.

पाचवे वर्ष प्रबंधाचे. मार्गदर्शक संस्थेतला किंवा बाहेरचाही चालतो. खगोलभौतिकीची ओढ असलेल्यांना पुण्यातच 'आयुका' हे खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र आहे, आणि नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. उत्तर कोणालाच ठाऊक नसलेला प्रश्न बहुतेकांच्या हाती प्रथम याच वर्षी येतो.

अध्यापन इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सत्र जड जाते. अशांसाठी भाषेच्या आधाराची तरतूद प्रत्येक संस्थेने करायलाच हवी. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायन, गणित व भौतिकी यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. म्हणून भौतिकीच करायची असली, तरी बाकीचे तीन विषय सोडू नयेत.