बिनतारी पडद्याची सुरक्षित जोडणी

लॅपटॉप किंवा मोबाइलवरील दृश्य वायरविना मोठ्या टीव्हीवर अथवा प्रोजेक्टरवर दाखविणारे छोटे यंत्र म्हणजे वायरलेस डिस्प्ले अ‍ॅडाप्टर. वर्गखोल्या, शिकवण्या आणि कार्यालयांतील बैठकांची दालने येथे त्याचा वापर रूढ झाला आहे. मात्र वायर काढून टाकली, की आपण नेमके कोणत्या पडद्याशी जोडले गेलो आहोत, हे डोळ्यांना दिसत नाही. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे घरे, दुकाने आणि कार्यालये भिंतीला भिंत लागून असतात, तिथे शेजारच्या खोलीतील यंत्रही लॅपटॉपच्या यादीत सहज दिसते. विद्यार्थ्यांचे गुण, लाभार्थींचे आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील भलत्याच पडद्यावर उमटण्याचा धोका येथेच उद्भवतो.

तंत्र काय आहे?

अशी अनेक यंत्रे ‘मिराकास्ट’ या मानकावर चालतात. वाय-फाय अलायन्स या संस्थेने ते २०१२ मध्ये प्रसृत केले. त्याचा पाया ‘वाय-फाय डायरेक्ट’ हा आहे. त्यात दोन यंत्रे राउटरविना थेट एकमेकांशी बोलतात. त्यामुळे इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. दोन यंत्रांमधील संदेश ‘डब्ल्यूपीए२’ पद्धतीने कूटबद्ध होतात, म्हणजे वाटेत कोणी ते टिपले तरी सहजासहजी वाचता येत नाहीत. परंतु ही कूटबद्धता केवळ संभाषणाचे रक्षण करते. संभाषणात कोणाला प्रवेश द्यायचा, हे जोडणीची पद्धत ठरविते.

बटण की पिन?

जोडणीच्या प्रमुख पद्धती दोन. पहिलीत यादीतील नाव निवडताच, फार तर एक बटण दाबून, जोडणी होते. ती सोयीची खरी. पण यंत्राच्या टप्प्यात असलेला कोणीही आपले दृश्य त्या पडद्यावर झळकवू शकतो. दुसऱ्या पद्धतीत टीव्हीवर एक पिन उमटतो आणि तो लॅपटॉपवर टाकावा लागतो. पिन पाहण्यासाठी त्या खोलीत असणे आवश्यक असल्याने बाहेरच्याला मज्जाव होतो. शिवाय समोरच्याच पडद्यावर पिन उमटला, की आपण योग्य यंत्राशी जोडले जात आहोत, याचीही खात्री पटते.

पिन दर वेळी नवा असणे इष्ट. राउटरवर छापलेल्या आठ आकडी कायम पिनमधील उणीव स्टेफान फीबॉक या संशोधकाने २०११ च्या डिसेंबरमध्ये उघड केली होती. तो पिन दोन भागांत तपासला जाई आणि शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून ठरत असे. त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडू शकत होता.

मांडणी अशी करावी

अ‍ॅडाप्टरचे एक टोक टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत व दुसरे यूएसबी खाचेत बसवावे. यूएसबीतून त्याला वीज मिळते. त्यानंतर उत्पादकाच्या अ‍ॅपमधून पुढील बदल करावेत. सर्वच यंत्रांत हे सारे पर्याय असतात असे नाही. खरेदीपूर्वी त्यांची विचारणा करावी.

१. यंत्राचे मूळ नाव बदलून ओळखता येईल असे द्यावे. त्यात व्यक्तीचे नाव वा हुद्दा नसावा.

२. सुरक्षा विभागात जोडणीसाठी पिनची अट घालावी.

३. सेटिंग कोणीही बदलू नये म्हणून पासवर्ड ठेवावा.

४. फर्मवेअर अद्ययावत करावे.

विंडोज १० किंवा ११ मध्ये विंडोज आणि ‘के’ ही बटणे एकत्र दाबल्यास उपलब्ध पडद्यांची यादी उघडते. त्यातून नाव निवडून टीव्हीवरील पिन टाकावा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘कास्ट’ किंवा ‘स्मार्ट व्ह्यू’ या नावाने ही सोय असते. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही. त्यासाठी एअरप्ले चालणारा टीव्ही वा यंत्र लागते.

जोडणीनंतरची दक्षता

जोडणी सुरक्षित असली, तरी पडद्यावर काय दिसते याची जबाबदारी दाखविणाऱ्याचीच. संपूर्ण पडद्याची प्रतिकृती दाखविण्याऐवजी ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडल्यास केवळ हवी ती खिडकी टीव्हीवर नेता येते आणि खासगी फायली लॅपटॉपवरच राहतात. संदेशांच्या सूचना तात्पुरत्या बंद ठेवाव्यात, अन्यथा बँकेचा ओटीपी साऱ्या सभेसमोर झळकायचा. काम संपताच जोडणी तोडावी. टीव्ही बंद केला म्हणजे जोडणी तुटलीच असे समजू नये. यंत्र दुसऱ्याला देताना ते मूळ स्थितीत आणावे आणि लॅपटॉपमधील त्याची नोंदही काढून टाकावी.

पिन टाकण्यास जेमतेम अर्धा मिनिट लागतो. सभेत वा वर्गात एकदा झळकलेली खासगी माहिती मात्र परत घेता येत नाही.