कपाटातल्या कादंबऱ्या

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमची मुले वर्गात उर्दू वाचतात, घरी दखनी बोलतात आणि बाजारात, एस.टी.त, दवाखान्यात मराठीतून व्यवहार करतात. तीन भाषांत वावरणाऱ्या या मुलांना गोष्टींचा तुटवडा पडायला नको. पण आमच्या शाळेत गोष्टीचे पुस्तक सापडते ते बहुधा जप्त केलेल्या मालात!

गेल्या दिवाळीच्या सुटीआधी शिक्षकांच्या खोलीतले लोखंडी कपाट आवरायला काढले. जुनी निकालपत्रके, फुटका पृथ्वीगोल, खडूंचे खोके आणि सर्वांत खालच्या फळीवर अकरा पुस्तके. सगळी आम्हीच मुलांच्या हातातून काढून घेतलेली. रद्दीतून आणलेल्या उर्दू कादंबऱ्या, दोन-तीन जासूसी नॉव्हेल, एक मराठी रहस्यकथा. एका कादंबरीला मुखपृष्ठच नव्हते. ती आठवीतल्या एका मुलीची. भूगोलाच्या पुस्तकात ठेवून ती वाचत होती. "इम्तिहान के बाद ले जाना," असे सांगून आम्ही कपाटाला कुलूप लावले होते. आमची शाळा आठवीपर्यंतच आहे. परीक्षा झाली, मुलगी गेली, पुस्तक मात्र तिथेच राहिले.

त्या दिवशी चहा घेता घेता आम्ही तिघा सहकाऱ्यांनी ठरवले, की येते एक वर्ष कथा-कादंबरी नेमाने वाचायची आणि रोज थोडे तरी लिहायचे. आम्ही तिघेही बी.एड. झालेलो. पाठ टाचण, हजेरी, अहवाल, सर्वेक्षणाचे तक्ते असे लिहितो भरपूर. त्यात गोष्ट कुठेच नसते. संकल्प तर केला, पण एक प्रश्न छळू लागला. किस्सा म्हटला की कपाटाला कुलूप लावायचे, हे आपण शिकलो कुठे?

शोधता शोधता आम्ही उर्दू कादंबरीच्या उगमापाशीच पोहोचलो. डेप्युटी नझीर अहमद हे शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ, एका अर्थाने आमच्याच बिरादरीचे. आपल्या मुलींना वाचायला देण्याजोगे पुस्तक मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. त्यातून १८६९ साली 'मिरातुल-उरूस' प्रसिद्ध झाले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ही गोष्ट सरकारलाही पसंत पडली आणि लेखकाला एक हजार रुपयांचे इनाम मिळाले. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक हिचेच नाव घेतात. म्हणजे आमच्या भाषेतली कादंबरी जन्मली तीच मुळी एका बापाने मुलींसाठी केलेल्या लेखनातून.

पण याच नझीर अहमदांच्या 'तौबतुन-नसूह' या पुढच्या कादंबरीत एक प्रसंग आहे. दिल्लीत पटकीची साथ येते. नसूह मरता मरता वाचतो आणि सगळ्या घराला सुधारायचे मनावर घेतो. थोरला मुलगा कलीम शायरीचा शौकीन. तो घर सोडून निघून जातो. बाप त्याच्या खोल्या उघडतो, कपाटातली किस्स्यांची आणि शायरीची पुस्तके बाहेर काढतो आणि जाळून टाकतो. कादंबरीकारच कादंबरीत पुस्तकांची होळी करतो! हा प्रसंग वाचताना आम्ही तिघेही गप्प झालो. नसूहला आम्ही ओळखत होतो. आमच्या कमरेला त्याच्याच किल्ल्या होत्या. आम्ही जाळले काही नाही, एवढाच फरक.

नसूहलाही न्याय द्यायला हवा. १८५७ नंतरची ती दिल्ली. सत्ता गेलेली, घरे उद्ध्वस्त झालेली. अशा काळात मुलांनी उपयोगाचे तेवढेच शिकावे असे बापाला वाटले, तर नवल नाही. आमच्या वस्तीतले पालकही तेच म्हणतात, "किस्से पढ़के नौकरी लगती क्या?" या प्रश्नामागे भूक आहे, अडाणीपणा नव्हे. पण उपयोगाचे आणि बिनउपयोगाचे यांची वाटणी नझीर अहमदांनाही नीट जमली नाही. त्यांचा उपदेश पोहोचला तो किस्स्याच्याच पाठीवर बसून.

आणि तो कुठवर पोहोचला पाहा. 'मिरातुल-उरूस'पासून प्रेरणा घेऊन पाटण्याच्या रशीदुन्निसा या पडद्यातल्या बाईने १८८१ साली 'इस्लाहुन-निसा' ही कादंबरी लिहिली. स्त्रीने लिहिलेली उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून आज ती ओळखली जाते. पण ती छापली गेली १८९४ साली. तेरा वर्षे हस्तलिखित घरात पडून होते! छापली तेव्हाही लेखिकेचे नाव नव्हते. अमक्याची आई, तमक्याची मुलगी, अशी ओळख तेवढी होती. पुढे याच बाईंनी पाटण्यात मुलींसाठी शाळा काढली. आमच्या कपाटात पुस्तक काही महिने होते, त्याचे आम्हाला काहीच वाटले नव्हते. त्या तेरा वर्षांचा हिशेब वाचल्यावर वाटू लागले.

मराठीतही फार वेगळे घडलेले नाही. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७चे, आणि विषय हिंदू विधवांच्या हालांचा. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही यमूची कहाणी त्यातूनच वाचकांना हप्त्याहप्त्याने दिली. दिल्ली असो, पाटणा असो की पुणे, घरातल्या बाईचे दुःख उंबऱ्याबाहेर आणण्याचे काम कादंबरीने केले. जे अर्जात लिहिता येत नव्हते आणि वाअजमध्ये सांगता येत नव्हते, ते कादंबरीत आले.

नेमाने लिहिणाऱ्यांचा इतिहास शोधला तर तिथेही मास्तरच भेटले. पंडित रतननाथ सरशार हे काश्मिरी ब्राह्मण. आधी शाळेत शिक्षक, मग लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या 'अवध अखबार'चे संपादक. १८७८पासून त्यांनी त्या अखबारात 'फसाना-ए-आझाद' क्रमशः लिहिले. पुढे त्याचे चार जाडजूड खंड झाले. रोजच्या वर्तमानपत्राच्या धबडग्यात, छापखाना थांबला आहे अशा घाईत लिहिलेले हे पुस्तक आहे. निवांत वेळ मिळाल्यावर लिहू, असे म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी ते जरूर चाळावे.

सरशार वाचून वाढलेला एक मुलगा गोरखपूरला होता. वय तेराच्या आसपास, खिशात पैसे नाहीत. पुस्तकविक्रेत्याकडून तो इंग्रजीच्या किल्ल्या आणि नोट्स घ्यायचा, शाळेत मुलांना विकायचा आणि त्या मोबदल्यात दुकानातल्या कादंबऱ्या घरी नेऊन वाचायचा. 'तिलिस्मे-होशरुबा'चे भागही त्याने असेच वाचले. तो मुलगा म्हणजे प्रेमचंद. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे तेही शिक्षक झाले, शाळा तपासनीस झाले. १९०८ साली 'सोजे-वतन' हा कथासंग्रह आला, तेव्हा कलेक्टरने बोलावून जाब विचारला आणि प्रती जाळण्यात आल्या. पुन्हा होळीच! फरक असा, की या मास्तरने लिहिणे थांबवले नाही. नवाबराय हे नाव टाकले, प्रेमचंद हे नाव घेतले आणि १९१०पासून त्या नावाने लिहू लागले. याच प्रेमचंदांनी पुढे सरशारांचा 'फसाना' 'आझाद-कथा' म्हणून हिंदीत आणला. गाइड विकून कादंबरी वाचणारा हा मुलगा आमच्या वर्गात असता, तर आम्ही त्याची कोणती वस्तू जप्त केली असती?

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बंगालच्या रुकैया सखावत हुसैन. १९०५ साली त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका मासिकात आली. नवरा दौऱ्यावर असताना वेळ जावा म्हणून लिहिलेली ही कथा. तीत बायका राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात बसतात. पुढे १९११ साली याच बाईंनी कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन शाळा सुरू केली. पहिल्यांदा स्वप्न कागदावर आले आणि मग शाळा उभी राहिली, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आपल्या मराठीत हमीद दलवाईंचा 'लाट' १९६१चा आणि 'इंधन' १९६५ची. कोकणातल्या मुस्लिम घराची भाषा, भांडणे, भीती मराठी वाचकांनी या पुस्तकांतून पाहिली. दलवाईंच्या पुढच्या कामाबद्दल मतभेद असतील, आमच्या तिघांतही आहेत. पण आपल्या माणसाची गोष्ट आपण मराठीत सांगितली नाही, तर ती दुसरे कोणीतरी सांगेल आणि आपल्याला ती ओळखूही येणार नाही, एवढे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून आमचा संकल्प असा. वर्षभर महिन्याला दोन कथासंग्रह किंवा कादंबऱ्या, एक उर्दू आणि एक मराठी. रोज इशानंतर एक पान लिखाण, चांगले-वाईट न पाहता. शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात एक गोष्ट मोठ्याने वाचायची आणि तिच्यावर एकही प्रश्न विचारायचा नाही. अधिकाऱ्यांची तपासणी, लग्नसराई, रमजान, परीक्षा, सगळे मधे येणार. नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचा.

कपाट आम्ही रिकामे केले. दहा पुस्तके वर्गातल्या खिडकीत मांडली. त्यांतली चार आजवर परत आली नाहीत, त्याचे आम्हाला बरे वाटते. अकरावे पुस्तक घेऊन आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. पुढची उर्दू शाळा लांब, म्हणून तिला नववीत घातलेच नव्हते. अम्मीने पुस्तक उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "ये कौनसी क्लास का है?" आम्ही सांगितले, कुठल्याच नाही, किस्स्याचे आहे. मुलगी आतून आली. पुस्तक हातात घेऊन तिने झरझर पाने उलटली आणि जिथे आम्ही तोडले होते ते पान काढले.

तिच्या दाखल्याचे बोलणे आम्ही अजून सोडलेले नाही. त्या दिवशी रात्री आम्ही जे पहिले पान लिहिले, ते तिच्यावरच होते.