हातखंब्याचा चाकरमानी आणि सरकारी वसाहतींचा नकाशा

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो. हा महामार्ग होण्याच्या कितीतरी आधी या भागातील माणसे बोटीने मुंबईच्या गिरण्यांत पोचली होती. १९११ च्या जनगणनेत मुंबईतील गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात (आजचा सिंधुदुर्ग त्यातच होता) जन्मलेले आढळले. स्वातंत्र्यानंतर सरकारने कामगारांसाठी वसाहती आखल्या, तेव्हा त्या नकाशात या माणसाला कोणती जागा मिळाली, हा या धाग्याचा विषय.

आधी त्याची स्वतःची व्यवस्था पाहिली पाहिजे. गिरणगावात गावकऱ्यांचे मंडळ एक खोली भाड्याने घेई. प्रत्येकाची वर्गणी ठरलेली. भिंतीलगत पेट्या, वर वळकट्या. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा तिथेच आडवा होई. जेवण खानावळीत, बायकामुले गावी, आणि महिन्याला मनीऑर्डर. ही केवळ दैन्याची कहाणी नव्हे. नोकरी सुटली तरी त्या खोलीत पाठ टेकता येई, आणि नवी नोकरीही बहुधा तिथल्याच ओळखीने लागे.

सरकारी घरांचा मोठा प्रयोग १९२० च्या दशकात झाला. बीडीडीने म्हणजे मुंबई विकास खात्याने ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला आणि २०७ इमारतींत १६,००० हून थोड्या अधिक बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. वरळीच्या चाळी इतक्या रिकाम्या राहिल्या की सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांचा तात्पुरता तुरुंग झाला!

नवी विचारसरणी आली ती १९४८ च्या मुंबई गृहनिर्माण मंडळाबरोबर. तेव्हाचे कामगारमंत्री गुलझारीलाल नंदा पुढे नियोजन आयोगात गेले. १९५२ मध्ये केंद्राने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहयोजना सुरू केली. पात्रतेचा आधार होता कारखाना कायद्याखालील नोंद. राज्यांना निम्मी रक्कम कर्जाऊ, निम्मी अनुदान म्हणून मिळे.

कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरचे टिळकनगर, विक्रोळीचे टागोरनगर आणि कन्नमवारनगर ही त्या काळाची अपत्ये. सोव्हिएत रशियात याच सुमारास पाच मजली, बिनलिफ्टच्या इमारती कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभ्या राहत होत्या. मुंबईत बांधकाम प्रामुख्याने जागेवरच झाले, पण हिशोब तोच : लिफ्ट परवडत नाही, म्हणून माणूस जिना चढू शकेल तेवढीच उंची. इमारतींच्या रांगांमध्ये मोकळी जागा, चालत जाण्याच्या अंतरावर शाळा, बाजार, मैदान. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे घरातच मोरी आणि संडास.

या आराखड्याचे माप होते कुटुंब. नवरा, बायको, मुले, पोटभाडेकरू निषिद्ध. नियोजनकारांच्या दृष्टीने हीच प्रगती होती, आणि गावाहून बायकोला आणू शकलेल्या कामगाराचेही मत वेगळे नसावे. परंतु मंडळाच्या खोलीतील वीस जणांचे बिऱ्हाड या मापात बसत नव्हते. त्यात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी गोठलेली. परळची रात्रपाळी सुटल्यावर विक्रोळी गाठण्यापेक्षा गावकऱ्यांची खोली स्वस्त आणि जवळ पडे. उपनगरांतील नव्या कारखान्यांच्या कामगारांना मात्र या वसाहती सोयीच्या होत्या.

दोहोंतील फरक १८ जानेवारी १९८२ च्या संपाने उघडा केला. सरकारी खोली मिळालेल्या कुटुंबाला पगार थांबला तरी शहरात पाय रोवायला जागा होती. मुलांची शाळा तिथेच होती. मंडळाच्या खोलीतील अनेकांना गावची वाट धरावी लागली.

तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली. घर २२५ चौरस फुटांचे. अट अशी की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर अर्जदार गिरणीच्या नोंदीत असला पाहिजे. संपात गाव गाठलेल्यांना, किंवा त्यांच्या मागे राहिलेल्या वारसांना, त्यासाठी जुने हजेरीकार्ड आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद शोधावे लागले.