द्वेषाच्या पटावरील सोंगट्या

द्वेष माणसाच्या रक्तातच असतो, असे सांगणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. 'ते लोक तसेच' एवढे म्हटले की त्यांना पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही. इतिहास शिकवणाऱ्याला ही सोय नाही. कालपर्यंत एकाच बाजारात बसणारी माणसे आज एकमेकांच्या जिवावर का उठली, हे त्याला विचारावेच लागते. (एकाच विहिरीवर पाणी भरणारी, असे मी म्हणत नाही. विहीर आपल्यासाठी एक कधीच नव्हती.) कोणी काय भाषण केले, ते कोणत्या पत्राने छापले, आणि ज्या तरुणाने हातात काठी घेतली त्याला त्या भाषणाने कोणती भूमिका दिली, हे तपासल्याशिवाय दंगलीचा इतिहास लिहिता येत नाही. तो लिहायला आपला धाराशिव जिल्हा, म्हणजे कालपरवापर्यंतचा उस्मानाबाद, पुरेसा आहे. दुर्दैवाने पुरेसा आहे.

आधी थोडे बाहेरचे पाहू. १९३८ च्या सुमारास जर्मनीत ड्रेस्डेनच्या एका कंपनीने 'यहुद्यांनो, चालते व्हा' अशा अर्थाच्या नावाचा एक घरगुती खेळ बाजारात आणला. फासा टाकायचा, सोंगटी पुढे न्यायची आणि शहरातले सहा यहुदी सर्वांच्या आधी वेशीबाहेर काढायचे. जो काढील तो जिंकला. त्याच साली यूलियस श्ट्राइखरच्या प्रकाशनाने यहुद्यांना विषारी अळंबी म्हणून दाखवणारे मुलांचे पुस्तक काढले. गंमत अशी की हिटलरच्या एसएस संघटनेच्या पत्राला हा खेळ पसंत पडला नाही. इतक्या गंभीर राष्ट्रकार्याचा पोरखेळ केला, ही त्यांची तक्रार! श्ट्राइखरने स्वतःच्या हाताने कोणाला मारल्याचा आरोप न्यूरेंबर्गच्या न्यायालयापुढे नव्हता. त्याने केले ते लिहिण्या-बोलण्याचे काम. त्यासाठी १९४६ साली त्याला फाशी झाली. शब्द हेही शस्त्र असते, हे जगाने त्या दिवशी कायद्याच्या भाषेत मान्य केले.

शब्द आणि खेळ यांचा हा संबंध लक्षात घेऊन आपण आपल्या मातीत येऊ.

कासीम रझवी हा लातूरचा वकील. अलीगढला शिकलेला. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होते; लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. १९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले आणि १९४६ मध्ये मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनची सूत्रे या रझवीच्या हाती आली. हैदराबाद संस्थानातला प्रत्येक मुसलमान हा राज्याच्या सार्वभौमत्वाचा भागीदार आहे, हा मजलिसचा सिद्धांत जुनाच होता. त्याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. संस्थानातला सामान्य मुसलमान राजा नव्हता. तो विणकर होता, टांगेवाला होता, शिपाई होता, सावकाराच्या दारात उभा राहणारा कुळवाडी होता. त्याच्या ताटात काही वाढले गेले नाही. त्याला फक्त सांगितले गेले की तू राजा आहेस. उपाशी माणसाला राज्य देता येत नसेल तर राज्याचे सोंग द्यावे, हे राजकारण फार जुने आहे. सवर्णातल्या दरिद्री माणसाला जातीने नेमके हेच सोंग हजारो वर्षे दिले. भाकरी नाही, पण खाली बघायला कोणीतरी आहे!

रझवीची भाषणे या सोंगाला चढवलेला साज होती. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, असे तो बोलत असे. चारही बाजूंनी भारताने वेढलेल्या संस्थानात हे बोलणे हास्यास्पद होते. परंतु ज्या तरुणांच्या अंगावर गणवेश आणि हातात शस्त्र आले, त्यांना ते हास्यास्पद वाटले नाही. रझाकारांनी गावोगावी वसुली केली. जिथे पैसा मिळाला नाही तिथे लूट, जाळपोळ, खून आणि बायकांची विटंबना झाली. मुसलमान असूनही या उन्मादाविरुद्ध लिहिणारा 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्लाखान याला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार मारण्यात आले. द्वेषाच्या राजकारणाला परक्यांइतकाच आपल्यातला विवेकी माणूस नकोसा असतो, त्याचा हा पुरावा.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गला आत शिरले. तुळजापूर, उमरगा करीत ते पुढे गेले आणि पाच दिवसांत निजामाची फौज शरण आली. आमच्या पाठ्यपुस्तकात इथे पूर्णविराम आहे. या पूर्णविरामानंतर काय झाले, हे सांगणारा सरकारी कागद मात्र आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती भारत सरकारने पाठवली. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ती संस्थानातील १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरली. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज आहे. सर्वांत अधिक होरपळलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत मिळून मेलेल्यांचा आकडा समितीने १८ हजारांच्या खाली धरलेला नाही. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते. रझवीच्या लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असे समितीने नोंदवले आहे. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवण्यात आला. तो संपूर्ण छापील स्वरूपात लोकांपुढे आला तो २०१३ साली, ए. जी. नूराणी यांच्या हैदराबादवरील ग्रंथात.

या मेलेल्यांपैकी किती जण रझाकार होते? रझवी स्वतः मेला नाही. तो तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० साली तिथे वारला. भाषण करणारा वाचला. ज्याने भाषण कदाचित ऐकलेही नव्हते तो विणकर, तो टांगेवाला, त्याची बायको आणि पोरे गेली. एका बाजूच्या शब्दांनी पेटवलेला द्वेष दुसऱ्या बाजूने सूड म्हणून उचलला, आणि दोन्ही वेळा सोंगटी होऊन मेला तो गरीब.

या पटावर आपला समाज कुठे होता? हा प्रश्न टाळून चालणार नाही. हैदराबादेतील काही दलित पुढारी, बी. एस. व्यंकटराव आणि श्यामसुंदर यांच्यासारखे, निजाम आणि मजलिसच्या बाजूने गेले. व्यंकटराव तर लायक अलीच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. त्यांना नुसते गद्दार म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. सवर्ण हिंदूंच्या गावगाड्यात ज्याला माणूस म्हणून जागा नव्हती, त्याने दुसरे दार ठोठावले. परंतु त्या दारामागे काय आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४७ च्या नोव्हेंबरात पत्रक काढून त्यांनी संस्थानातील अस्पृश्यांना बजावले की निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नका. हिंदू आपल्याला नावडतात एवढ्यावरून दुसऱ्याला मित्र समजणे ही चूक आहे. याचा मथितार्थ मी असा घेतो : शत्रूचा शत्रू म्हणून आपण कोणाच्याही फौजेत भरती व्हायचे नाही. हाच सल्ला आज उलट्या बाजूनेही तितकाच लागू आहे, हे तरुण कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

१९४१ साली याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले. महार आणि मांग या दोन जातींची नावे एका परिषदेच्या शीर्षकात यावीत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. गावगाड्याने या दोघांना एकमेकांच्या उरावर बसवून ठेवले होते. द्वेषाला दुसऱ्या द्वेषाने नव्हे तर समान दुःखाच्या जाणिवेने उत्तर देण्याची वाट या जिल्ह्याला तेव्हाच दाखवली गेली होती. आपण तिच्यावरून किती चाललो, हा वेगळा प्रश्न.

मग १९७८ आले. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. सुमारे १२०० गावांना झळ पोहोचली, असे तेव्हाचे अंदाज आहेत. नांदेड, परभणीत कहर झाला. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जिवंत जाळले. हल्ल्याचा मुख्य रोख नवबौद्धांवर होता. आता त्या वेळची भाषा पाहा. 'मराठवाड्याची अस्मिता' हा शब्द पुढे आला. तो उच्चारणाऱ्यांत रझाकारांशी लढलेले, तुरुंगात गेलेले लोक होते. अनंतराव भालेरावांच्या 'मराठवाडा' दैनिकाने नामांतराला विरोध केला. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई एका नावाला विरोध करण्यासाठी खर्ची पडली. 'घरात नाही पीठ, कशाला हवे विद्यापीठ' ही शिवसेनाप्रमुखांच्या नावावर सांगितली जाणारी घोषणा तर पोरांनाही पाठ झाली. यमक जुळले की द्वेष खेळासारखा तोंडात बसतो. ज्यांच्या घरात पीठ नव्हते, त्यांची घरे जाळताना ती म्हटली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधली सोळा वर्षे कोणी कोणाला द्यायची?

मी शिकलो त्या खेड्यातल्या शाळेत दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचे नाटुकले होई. माझ्या घराण्यात शाळेची पायरी चढून पुढे पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे मला कुठलीही भूमिका मिळाली तरी आईला अप्रूप. पण भूमिका ठरलेल्या असत. स्वातंत्र्यसैनिक पाटलांच्या वाड्यातले; रझाकार आम्ही बौद्धवाड्यातले आणि दोन मुसलमानांची मुले. आम्हाला शेवटी मरायचे असे. नाटक संपले तरी आठवडाभर वर्गात आम्हाला 'रझाकार' म्हणून टपल्या बसत. कोणी शिक्षकाने हे मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही. मुद्दाम करावेच लागत नाही, हेच तर जातीचे यश आहे. गाव खेळतो तेव्हाही कोणाला कुठे उभे करायचे हे त्याला ठाऊक असते.

आज हा खेळ मुलांच्या हातातल्या मोबाईलमध्ये आला आहे. अमेरिकेत गोऱ्या वंशवाद्यांच्या 'नॅशनल अलायन्स' या संघटनेने २००२ मध्येच 'वंशशुद्धी' अशा अर्थाच्या नावाचा संगणकावरील खेळ काढला होता. काळे, लॅटिन आणि यहुदी लोकांना मारत पुढे जायचे, एवढाच त्याचा आशय. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधील मशिदींत ५१ माणसे मारणाऱ्याने ते हत्याकांड इंटरनेटवर थेट दाखवले, आणि पुढे 'रोब्लॉक्स' या मुलांच्या खेळाच्या मंचावर कोणीकोणी त्याच हत्याकांडाचे खेळ बनवले. २०२३ मध्ये सिंगापूर सरकारने जाहीर केलेल्या एका प्रकरणात १६ वर्षांचा मुलगा त्याच मंचावर इस्लामिक स्टेटच्या धर्तीवरचे खेळ खेळत होता. द्वेषाला धर्म एकच नसतो, हेही यातून दिसते. खेळणारा प्रत्येक मुलगा मारेकरी होतो, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणणे अडाणीपणाचे होईल. परंतु व्यासपीठावरून जे भाषण होते, ते आणि असा खेळ मिळून मुलाला एक गोष्ट शिकवतात : समोरच्याला नाव नाही, घर नाही, आई नाही, तो फक्त मारल्यावर गुण देणारी आकृती आहे.

आपल्याकडे असा खेळ वेगळा बनवण्याचीही गरज राहिलेली नाही. २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. कारण सांगितले गेले ते त्याच्या मोबाईलवर वाजलेले बाबासाहेबांचे गाणे. २०२३ च्या जूनमध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्याचे नाव बदलले. धाराशिव हे नाव प्राचीन आहे, त्याला विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही. पण नावासाठी मोर्चात पुढे असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सुंदरलाल समितीबद्दल विचारले, तेव्हा एकालाही ते नाव ठाऊक नव्हते. रझाकारांचे अत्याचार सर्वांना ठाऊक होते. २०२४ मध्ये तर त्यावर मोठा चित्रपटही आला. अर्धा इतिहास हा खोट्या इतिहासापेक्षा घातक असतो. खोटे पकडता येते. अर्धे खरे छातीठोकपणे सांगता येते. आणि मोर्चात पुढे कोण असतात? पुन्हा आपलीच बेकार पोरे. गुन्हे त्यांच्यावर दाखल होतात, तारखा त्यांना पडतात, नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला त्यांचा अडतो. भाषण करणारा त्या वेळी पुढच्या गावात पोचलेला असतो.

सुंदरलाल समितीच्या अहवालात आणखी एक नोंद आहे. ती ना चित्रपटात येते ना भाषणात. कत्तलीच्या त्या दिवसांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना लपवले, वाचवले आणि काही ठिकाणी त्यापायी स्वतःचे प्राण दिले. अनेक हिंदूंनी पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रिया परत आणण्यास मदत केली. एकाच मागावर पोट भरणाऱ्याला दुसऱ्याच्या पोटाची भूक कळते. त्याला कोणत्याही भाषणाने 'राजा' बनवता आले नाही, म्हणून त्याला सोंगटीही बनवता आले नाही.

तेव्हा काय करावे? शिक्षकांनी १७ सप्टेंबरला १८ सप्टेंबरनंतरचाही इतिहास सांगावा, आणि २७ जुलै १९७८ चाही. कार्यकर्त्यांनी पोरांच्या हातातला मोबाईल हिसकावू नये. तो पोरगा त्यात काय पाहतो हे त्याच्याशेजारी बसून पाहावे आणि यात मरणारा कोण आहे, एवढेच विचारावे. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जावे. १९४८ पाहिलेली माणसे आता नव्वदीकडे झुकली आहेत, पुष्कळशी गेली. महारवाड्यात, मांगवाड्यात, मुसलमान गल्लीत, साळ्या-कोष्ट्यांच्या आळीत जी कोणी उरली असतील, त्यांना विचारावे की त्या महिन्यात तुमच्या गावात कोणी कोणाला मारले, आणि कोणी कोणाला घरात घेतले. दोन्ही प्रश्न विचारावेत. उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत.