लव्हाळ्याची कुळकथा

हराळी, कुंदा, लव्हाळा ही नावं शेतकरी एका दमात आणि वैतागूनच घेतो. यातली पहिली दोन गवतं आहेत, लव्हाळा मात्र गवत नाही. त्याचा दांडा चिमटीत धरून फिरवला की तीन कडा बोटांना लागतात. गवताचा दांडा गोल, पेरांचा आणि बहुधा पोकळ असतो. याचा तिधारी, बिनपेरांचा आणि भरीव. पानंही तीन रांगांत येतात. हे सायपरेसी कुळ आणि प्राचीन इजिप्तचा पपायरस याच प्रजातीतला. लिनिअसने १७५३ साली लव्हाळ्याला ‘सायपेरस रोटंडस’ हे शास्त्रीय नाव दिलं.

त्याचा तांबूस तुरा दिसतो छान, पण बियांतून क्वचितच रोप उगवतं. सगळा संसार मातीखाली. बारीक मुळकांड पसरतं, त्यावर गाठ धरते, तिथून पुढे पुन्हा मुळकांड आणि पुन्हा गाठ. ही माळ अखंड असेपर्यंत टोकाची गाठ मागच्या गाठींना बहुतांशी दाबून ठेवते. कुळव फिरला, माळ तुटली, की दबलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र कोंब काढते. म्हणजे लव्हाळा शेतभर पसरवण्याचं काम आपलीच अवजारं करतात. आफ्रिका आणि दक्षिण आशियातली ही वनस्पती आज उष्ण प्रदेशांत जवळजवळ सगळीकडे पोचली आहे.

माणसाची तिच्याशी ओळख मात्र शेतीच्या कितीतरी आधीची. इजिप्तमधल्या वादी कुब्बानिया इथे सुमारे १८,००० वर्षांपूर्वीच्या चुलींत तिच्या जळक्या गाठी सापडल्या. सुदानमधल्या अल खिदाय इथल्या सांगाड्यांच्या दातांवरच्या किटणातही तिचे अंश मिळाले. तिथल्या शेतीच्या काळातल्या लोकांचे दात फारसे किडलेले नव्हते आणि त्याचं श्रेय या गाठींना असावं, असं संशोधकांनी २०१४ मध्ये सुचवलं. ग्रीसमधल्या पायलॉसच्या मातीच्या पाट्यांवर, सुगंधी तेल करणाऱ्याला दिलेल्या जिनसांत याच जातकुळीचं नाव आहे.

आपल्याकडे ही ‘मुस्ता’. तापात देतात त्या षडंगोदकातल्या सहा द्रव्यांत ती आहे. शाकुंतलात डबक्यातली मुस्ता उकरणारी रानडुकरं आहेत. कालिदासाला ही गाठ कुठे वाढते आणि कोणाला आवडते हे पक्कं ठाऊक होतं. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाही याच गोतातला.

इतक्या जुन्या सोबतिणीला निव्वळ तण म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण कांद्याच्या वाफ्यात ती पीक खाते, हेही तितकंच खरं. तिचे अणकुचीदार कोंब मल्चिंगचा प्लास्टिक कागदसुद्धा भोसकून वर येतात. खुरप्याने वरचा पाला कापून काही होत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी उघड्या पाडाव्यात आणि पार वाळू द्याव्यात. ओल राहिली तर पहिल्या पावसात त्या पुन्हा फुटतात.