रॉबिन रिग पवनविद्युत प्रकल्पातील पायांचे अपयश : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास हा बहुधा यशाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु अपयशाच्या अभ्यासातूनही ज्ञाननिर्मितीची प्रक्रिया स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यामधील सॉलवे खाडीत उभारलेल्या रॉबिन रिग प्रकल्पाच्या पायांच्या अपयशाची कारणमीमांसा केली आहे.

पार्श्वभूमी :
६० पवनचक्क्यांच्या या प्रकल्पाच्या पायांचे काम ई.ऑन कंपनीने डिसेंबर २००६ मध्ये एमटी होयगार्ड या डॅनिश कंपनीकडे सोपविले. प्रत्येक पवनचक्कीसाठी चार मीटरांहून अधिक व्यासाची पोलादी नळी समुद्रतळात ठोकण्यात आली. तीवर दुसरी जोडनळी बसवून दोहोंमधील पोकळी ग्राउटने भरण्यात आली. फेब्रुवारी २००९ मध्ये काम पूर्ण झाले. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या एग्मंड आन झे प्रकल्पात जोडनळ्या खाली घसरत असल्याचे आढळले. एप्रिल २०१० मध्ये रॉबिन रिग येथेही तोच प्रकार सुरू झाला.

अपयशाची कारणे :
नळ्यांचे पृष्ठभाग गुळगुळीत होते. त्यांवर ग्राउटला पकड देणारे आडवे कंगोरे नव्हते. त्यामुळे मनोऱ्याचा व यंत्राचा सारा भार पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणातून निर्माण होणाऱ्या घर्षणावरच अवलंबून होता. हे घर्षण मोजण्याचे सूत्र डीएनव्ही संस्थेच्या २००४ च्या जे-१०१ या मानकात दिले होते. त्यातील एका मूल्यात दहापटीची चूक होती. परिणामी जोडाची भारवहनक्षमता वाजवीपेक्षा फार अधिक गृहीत धरली गेली. त्यातच वारा व लाटा यांमुळे जोड सतत वाकत राहतो. म्हणजे चूक एका आकड्याची असली, तरी ती उघडी पाडली निसर्गाने.

विशेष असे की, हा आराखडा प्रमाणन करणाऱ्या डीएनव्हीनेही मान्य केला होता. ज्या मानकावरून आराखडा झाला, त्याच मानकावरून तो तपासला गेला. मग चूक सापडावी कशी?

उत्तरदायित्वाचा प्रश्न :
कंत्राटदाराने वाजवी कौशल्य व दक्षता बाळगली होती, हे २०१४ मध्ये न्यायालयाने बव्हंशी मान्य केले. तथापि पाया २० वर्षे टिकेल असा आराखडा देण्याच्या कराराच्या अटीमुळे त्यालाच जबाबदार धरले. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. अखेर ३ ऑगस्ट २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ निर्णय कायम केला. दुरुस्तीचा २ कोटी ६२ लाख ५० हजार युरोंचा खर्च कंत्राटदारावर पडला.

निष्कर्ष :
मानक हे संचित ज्ञानाचे रूप असले, तरी ते अंतिम प्रमाण नव्हे. पुढे शंक्वाकार जोड व कंगोरे यांचा पर्याय पुढे आला, तो या अपयशातूनच. ग्रंथप्रामाण्याची चिकित्सा केवळ धर्मशास्त्रातच आवश्यक असते असे नाही. अभियांत्रिकीच्या कोष्टकांनाही ती तितकीच लागू पडते, हेच या इतिहासाचे सार होय.